ज्याने लावली त्यानेच काढावी

२८ मार्च १९६३, मलकापूर

पोचले. गाडी वेळेवर आली, सामान शाबूत राहिले आणि हमालाने हुज्जत घातली नाही. पंजाबराव स्वतः टांगा घेऊन स्टेशनवर आले होते. अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर भावाच्या गच्चीवर पापड राखत बसण्याची माझी तयारी नव्हती. नागपूरला बी. ए. केले ते काही त्यासाठी नव्हे. तेव्हा पंजाबरावांचे त्यांच्या चित्रांच्या कारखान्यासाठी बोलावणे आले आणि मी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

कारखाना म्हणजे त्यांच्या वडिलांचे बंद पडलेले जीन. एके काळी इथे कापसातून सरकी काढत, आता इथे चित्रे हलवतात. पंजाबराव मुंबईला हे काम शिकून आले. सरकारी नोकरी सोडून आपल्या गावात चित्रशाळा काढली, ही गोष्ट मला फार आवडली. त्यांची चित्रे गावोगावच्या प्रदर्शनांत मांडायची, संध्याकाळी तिथेच पडद्यावर फिल्म दाखवायची आणि मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या चित्रपट महोत्सवाला नवी फिल्म न्यायची, ही सगळी व्यवस्था माझ्याकडे.

राहायला कचेरीमागची खोली. खिडकीबाहेर कडुलिंब, मोहोराने भरलेला. फाटकावर कडूबा नावाचा म्हातारा राखणदार आहे. त्याने माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "पुस्तकं हायेत का गोटे भरले, बाई?" मला हसू आले. पाडव्याच्या गाठीचा एक तुकडाही त्याने कागदात गुंडाळून दिला. इथे माझे बरे चालेल.

३० मार्च

काम समजून घेतले. एखादी बाई वाकते, एवढे दाखवायचे असले तरी चित्रांचा ढीग लागतो. पंजाबराव पहिले चित्र काढतात, बाई उभी. शेवटचे काढतात, बाई वाकलेली. मधली सगळी चित्रे इथल्या बायका काढतात. त्यासाठी खालून दिवा असलेली टेबले आहेत. टेबलाला पितळी खुंट्या असून त्यांत कागद अडकवला की खालचे चित्र वर दिसते. मग चित्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवायचे. त्याला बायका काचकागद म्हणतात. पुढून शाईची रेघ, मागून रंग. रंग वाळला की एकेक पत्रा कॅमेऱ्याखाली.

आणि इथेच खरी अडचण आहे. जीन बंद असले तरी छपरातून अजून रुईचे तंतू गळतात. ओल्या रंगावर एक तंतू बसला की पडद्यावर तो दोरखंडासारखा दिसतो. म्हणून वाळवणीची खोली वेगळी आहे. टिनाचे छप्पर, खिडक्या विटांनी बुजवलेल्या, एकच जाड दार. आत जाताना पायताण बाहेर काढायचे. बाहेर आले की कडी लावायची. आणि ज्याने कडी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणजे रंग बिघडला तर जबाबदार कोण ते कळते.

असा स्वच्छ नियम मी शाळेतही कधी केला नव्हता. पण तो नुसता तोंडी होता. अन्नपूर्णा नावाच्या मुलीचे अक्षर सुरेख आहे. तिच्याकडून मी तो दारावर पांढऱ्या रंगात लिहवून घेतला: ज्याने लावली त्यानेच काढावी. लिहिताना तिचा हात थरथरत होता. मी तिला हात स्थिर ठेवायला सांगितले.

६ एप्रिल

आज महोत्सवाची फिल्म पाहिली. नाव 'रिकामी घागर'. एक बाई उन्हातून विहिरीवर जाते, विहीर कोरडी, परत येते, एवढेच. पण त्या बाईची चाल! घागर रिकामी असताना एक आणि भरेल या आशेची दुसरी, असा फरक मी माणसांतही क्वचित पाहिला आहे. पावलागणिक लुगड्याचा काठ जरा मागे राहतो आणि मग येऊन मिळतो. प्रत्येक रेघ शेवटी किंचित उचललेली.

पंजाबरावांना विचारले, ही चाल कोणाच्या हातची? म्हणाले, माझ्या. हॉलमध्ये बसलेल्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. अन्नपूर्णेच्या टाकाचे निब मोडले. पंजाबरावांची चित्रे मी रोज पाहते. त्यांची रेघ दाबून काढलेली, आडदांड असते. एखाद्या मुलीने दुसरीची वही दाखवून पहिला नंबर मागितला तर मला ते दारातूनच कळते.

१४ एप्रिल, जळगाव जामोद

शाळेच्या सभागृहात प्रदर्शन. भिंतीवर सगळी चित्रे मी सुतळीने सरळ रेषेत लावली. प्रत्येक चित्राखाली पंजाबरावांचे नाव. बायकांची नावे कुठे, असे विचारले तर म्हणाले, मजुरांची नावे पाटीवर घालतात का? मी त्यांना तिथल्या तिथे सुनावणार होते, पण पाहुणे आले.

संध्याकाळी फिल्म. बाजार करून आलेल्या बायका पुढे बसल्या होत्या. घागरवाली बाई विहिरीकडे निघाली तशा त्याही गप्प झाल्या. आणि मध्येच ती थांबली. ती थांबत नाही, मला पाठ आहे. ती थांबली, आमच्याकडे तोंड केले, हात उचलला आणि पडद्यावर आतून ठोकल्यासारखा हात मारला. दोनदा. मग पुन्हा चालू लागली.

पुढे बसलेली सोजराबाई म्हणून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अवं, ते बाई भाएर येऊ म्हणते! काढा ना तिले कोनी!" सगळे हसले. पंजाबराव हसले नाहीत. यंत्राचा पट्टा घसरला, असे त्यांनी मला न विचारताच सांगितले.

१६ एप्रिल

फिल्मची रिळे उजेडात धरून पाहिली. बाई कुठेही थांबत नाही. हात उचलल्याचे एकही चित्र नाही.

दुसरे. सकाळी माझ्या कचेरीतल्या रिकाम्या टेबलाच्या खुंट्यांवर दोन चित्रे होती. पहिल्यात वाळवणीच्या खोलीचे दार, बंद, उंबऱ्याशी बाईच्या चपला. शेवटच्यात तेच दार, पण समोर खुर्ची आणि खुर्चीवर पाठमोरी बाई, मान खाली, मांडीवर काहीतरी. मधली चित्रे नाहीत. पंजाबरावांचा चांगला, महागाचा कागद. मी सगळ्यांना उभे करून विचारले, कोणी वाया घालवला? अन्नपूर्णेने त्या चित्रावर बोट ठेवले आणि रेघेच्या शेवटापर्यंत नेऊन उचलले, जशी ती रेघ उचलली होती तशीच. मग रडत बाहेर गेली. रडण्याने शिस्त येत नाही, असे मी म्हणाले.

२६ एप्रिल, आखाजी

आज मी गप्प बसून ऐकले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

सुट्टी असूनही अन्नपूर्णा आली. तिने नवी घागर आणली, पाण्याने भरली, वर खरबूज ठेवले आणि ती वाळवणीच्या दाराशी मांडली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, ती घरी. इथे का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "ताय इथंच तानेली मेली, बाई. घरी कायले येईन ते पानी प्याले?"

तिची थोरली बहीण गोजरबाई. 'रिकामी घागर'मधली चाल तिने काढली. पहिली, शेवटची, मधली, सगळी. पंजाबरावांनी फक्त सही केली. मागच्या मे महिन्यात तिने फिल्मवर नाव मागितले. त्यांनी पुढच्या वेळी घालू म्हटले. ती म्हणाली, यावेळी. नाहीतर उरलेले पत्रे रंगवणार नाही. दुसऱ्या दुपारी ती पत्रे पाहायला वाळवणीत गेली. बायका उन्हामुळे दुपारी घरी जातात. पंजाबराव मुंबईच्या गाडीला निघाले होते. जाता जाता दार ओढून त्यांनी कडी लावली. आत कोणी आहे हे ठाऊक नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले.

"तायच्या चपला दाराशीच होत्या," अन्नपूर्णा म्हणाली. "त्याहीले दिसल्या नसतीन काय?"

टिनाखाली, मे महिन्यात, मलकापुरात. लोकांनी ऊन लागले म्हणून सांगितले.

मी कडूबाला बोलावले. आवाज आला होता का? आला होता. बराच वेळ ठोकत होती. मग का उघडले नाहीस? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच काहीतरी वेडे विचारते आहे. "मालकानं लावली व्हती ना, बाई. ज्यानं लावली त्यानंच काढा लागते. मी कोन काढनारा?"

त्याला मारावेसे वाटले. मग दाराकडे पाहिले. पांढरी अक्षरे, टपोरी, सुंदर. मेलेल्या मुलीच्या बहिणीकडून मी ती लिहवून घेतली होती.

२९ एप्रिल

पंजाबरावांना समोर बसवले. आरडाओरडा केला नाही. मला गरज पडत नाही. एवढेच म्हटले, फिल्मच्या सुरुवातीला गोजरबाईचे नाव येईल, पहिले. अन्नपूर्णेला दुसरे काहीही नको आहे. त्यांनी आधी कोण गोजरबाई असे विचारले. मग 'ती पोरगी' म्हणाले. 'ती अन्नपूर्णाची बहीण' म्हणाले. एका बाईचे नाव घातले तर उद्या साऱ्या मागतील, म्हणाले. मी उठले नाही. शेवटी बरे म्हणाले. शब्द दिला.

संपूर्ण वेळ नाव त्यांच्या तोंडून एकदाही आले नाही.

४ मे

मधली चित्रे येऊ लागली आहेत.

रोज सकाळी खुंट्यांवर एक. पहिले फाडून चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, आणि त्याच्यावर पुढचे. कचेरीला रात्री कुलूप मी लावते, किल्ली माझ्या कमरेला असते. पाने भरभर उलटली की हलते: दार बंद. दार उघडे. चपला जराशा सरकतात. आज त्या चपला राहिल्या नाहीत. काळे पंपशू झाले आहेत, टाचेशी झिजलेले.

पंजाबराव पंपशू घालतात.

घाबरायला हवे, हे मला कळते. पण मला राग येतो आहे. सकाळी उठताना येतो, दात घासताना येतो. चांगल्या तापलेल्या तव्यासारखा, एकसारखा.

१० मे

शब्द मोडला. नावाची पाटी कॅमेऱ्याखाली गेली. फक्त त्यांचे नाव. मी विचारले तर म्हणाले, बाई, तुम्ही शाळा चालवा, चित्रपट आम्ही चालवतो. आणि हसले.

अन्नपूर्णेने दाराशी ठेवलेल्या घागरीतले पाणी ओतून दिले आणि नव्याने भरले.

आजच्या चित्रात दारावर एक हात आहे. बाईचा. मनगटावर घड्याळ.

या कारखान्यात घड्याळ घालणारी बाई एकच आहे. मी चित्र फाडले नाही.

१५ मे

आज बायका घरी गेल्यावर अन्नपूर्णेला थांबवून घेतले. नवा काचकागद, पांढरा रंग. तिने नाव लिहिले: गोजरबाई. आज हात थरथरला नाही. उद्या मी स्वतः ते कॅमेऱ्याखाली ठेवणार, आणि फिल्म मुंबईला मीच नेणार. त्यांना काय करायचे ते करू दे.

पत्रा वाळवणीत ठेवला. कडी मी लावली.

माझ्या हाताने लावताना कडीचा आवाज ओळखीचा वाटला. जणू रोज लावते.

१६ मे, सकाळ

मधली सगळी झाली. एकच राहिले असावे. उलटून पाहिली: पंपशू, उघडे दार, घड्याळाचा हात, कडी, खुर्ची, पाठमोरी बाई. त्या बाईला मी इतके दिवस गोजरबाई समजत होते. पण तिचा अंबाडा आहे. अन्नपूर्णा म्हणते, तायची वेणी होती.

१६ मे, दुपार

बायका गेल्या. मी वाळवणीकडे गेले. दार उघडे. माझी कडी काढलेली. उंबऱ्याशी काळे पंपशू.

आत ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. हातात ओली चिंधी. नाव पुसत होते.

मी पंपशू पाहिले. हे लिहून ठेवते, कारण उद्या कोणी विचारील आणि दिसले नाहीत असे म्हणण्याची सोय मी ठेवणार नाही. पाहिले. मग दार ओढून कडी लावली.

थोडा वेळ. पाच मिनिटे घाम फुटू दे. मग काढीन.

त्याच दुपारी

कचेरीतून खुर्ची आणली. दारासमोर ठेवली. वही मांडीवर. ते ठोकत आहेत. आधी हुकूम करत होते. आता मुंबईची भाषा गळून पडली आहे. "बाई, कडी काढा ना. मले पानी पाह्यजे. बाई, हे काऊन करून राह्यल्या तुमी?"

मी म्हटले, त्या मुलीचे नाव सांगा. कडी काढते. एवढे सोपे आहे.

म्हणाले, अन्नपूर्णाची बहीण. मी म्हटले, नाव. मग एक नाव घेतले. चुकीचे. मग दुसरे. तेही —

त्याला खरेच ठाऊक नाही. आताच पुसले त्याने ते. स्वतःच्या हाताने. वाचलेसुद्धा नाही.

घागर माझ्या पायाशी आहे. भरलेली.

नंतर

हात मारतो आहे. दोनदा. थांबतो. दोनदा. पडद्यावर पाहिला तसाच.

पुरे झाले. हा अन्याय आहे. मी न्यायासाठी आले, यासाठी नाही. काढते.

उठता येत नाही. उठते आहे असे लिहिते आहे आणि उठलेली नाही. हात लिहितोच आहे. रेघा शेवटी उचलल्या जात आहेत — माझे अक्षर असे नाही —

कडूबाला हाक मारली. आला. दार उघड म्हटले. त्याने दारावरची पांढरी अक्षरे पाहिली, मग मला. "तुमीच लावली ना, बाई? तुमीच तं लिवून घेतलं. मी कोन काढनारा?" जाऊन लिंबाखाली बसला —

ओरडले त्याच्यावर. आवाज —

ठोकणे मंद झाले. एकदाच आता.

कचेरीचे दार वाऱ्याने उघडले आहे. वारा नाही. इथून टेबल दिसते. खुंट्यांवर नवे चित्र. शेवटचे. बाई पाठमोरी नाही — वळली आहे — चष्मा — तोंड माझे — आणि ती रागावलेली नाही. हसते आहे. मी हसत नाही. मी —

तिच्या मांडीवरची वही दिसते. त्यात लिहिले आहे ते इथून वाचता येते. ठोकणे थांबले, असे लिहिले आहे.

अजून थांबलेले नाही. ऐकू येते आहे. अजून वेळ आहे. नाव मीच सांगते त्याला, आतून म्हण म्हणते, गोजरबाई, गोजर—

ठोकणे